परळीची वेबसाइट नांदते कुठे?

२०१३ च्या फेब्रुवारीत परळीचे औष्णिक वीज केंद्र पाण्यावाचून बंद पडले. संच जागेवर होते, माणसे कामावर होती. गोदावरीवरच्या खडका बंधाऱ्यात पाणी नव्हते. २०१५ साली पुन्हा तीच पाळी आली. त्यामुळे वेबसाइट आणि डेटा जिथे साठतो तो ‘क्लाउड’ म्हणजे काय, हे परळीकरांना समजावून सांगायला फारसे कष्ट पडू नयेत. ढग वगैरे काही नसतो. इमारत असते. तिला अखंड वीज लागते, आतली यंत्रे तापतात म्हणून थंडावा लागतो, आणि पुष्कळ ठिकाणी त्या थंडाव्यासाठी पाणीही लागते.

महाराष्ट्रात अशा इमारतींची दाटी आहे ती नवी मुंबईतल्या ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात. पनवेलजवळ २०२० मध्ये सुरू झालेल्या योट्टा कंपनीच्या एकाच इमारतीत सर्व्हरचे ७,२०० रॅक बसतात आणि तिची वीजक्षमता आहे सुमारे ५० मेगावॉट. परळीच्या जुन्या केंद्रातले पहिले दोन संच प्रत्येकी ३० मेगावॉटचे होते. म्हणजे त्यातला एक अख्खा संच या एका इमारतीला अपुराच पडला असता.

वीज इकडे तयार होते आणि डेटा तिकडे साठतो, याचे एक कारण समुद्र. परदेशाशी जोडणाऱ्या केबली मुंबईच्या किनाऱ्यावर चढतात, आणि त्यांच्याजवळ बसणे सर्व्हरवाल्यांना परवडते. काचेच्या तंतूतून प्रकाश एका मिलिसेकंदात साधारण २०० किलोमीटर जातो. परळीहून मुंबईला जाऊन येणे त्याला काही मिलिसेकंदांचे काम. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याला जाऊन यायला प्रत्यक्षात दोनशेच्या वर लागतात. एकदाच जायचे असते तर कुणाला कळलेही नसते. पण एक पान उघडताना अशा कित्येक खेपा होतात, आणि लॉजचे भाडे बघणारा यात्रेकरू तेवढ्यात दुसऱ्या लॉजकडे वळतो. लांबचा रस्ता तुटूही शकतो: सप्टेंबर २०२५ मध्ये तांबड्या समुद्रातल्या केबली तुटल्या तेव्हा भारतातही इंटरनेट मंदावले होते. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये पुण्यात आणि ॲमेझॉनने २०१६ मध्ये मुंबईत आपली केंद्रे सुरू केली. तरी होस्टिंग, म्हणजे साइटसाठी सर्व्हरवरची भाड्याची जागा, घेताना ‘सर्व्हर लोकेशन’ ही ओळ किती जण वाचतात?

हा धंदा सगळा परदेशीच, असेही नाही. मुंबईत तुरखिया बंधूंनी १९९८ मध्ये सुरू केलेल्या डायरेक्टीने बिगरॉक आणि रिसेलरक्लब ही नावे घरोघरच्या डेव्हलपरपर्यंत नेली. २०१४ मध्ये हा व्यवसाय अमेरिकेतल्या एन्ड्युरन्स कंपनीने विकत घेतला. नाशिकच्या सातपूरला ईएसडीएसचे डेटा सेंटर आहे, ती कंपनी २००५ ची.

आता गावातल्या गरजेकडे येऊ. महाशिवरात्रीला आणि श्रावणी सोमवारी वैजनाथाच्या दर्शनाच्या गर्दीने परळीत पाय ठेवायला जागा नसते. त्याच दिवशी इथल्या एखाद्या लॉजची साइट उघडायला गेलात आणि पांढऱ्या पानावर ‘५०८, रिसोर्स लिमिट इज रीच्ड’ अशी ओळ दिसली, तर साइट मेलेली नाही, हे ओळखा. शेअर्ड होस्टिंगमध्ये एका यंत्रावर शेकडो साइट दाटीवाटीने राहतात आणि प्रत्येकीला प्रोसेसर व मेमरीचा वाटा ठरवून दिलेला असतो. तो संपला की दार बंद. जाहिरातीत ‘अनलिमिटेड’ लिहिलेले असते ते बहुधा जागेपुरते. फायलींच्या संख्येची मर्यादा नियमांच्या तळाशी बारीक अक्षरात सापडते.

यावर डेव्हलपर महागडा व्हीपीएस, म्हणजे सर्व्हरचा स्वतःपुरता राखीव हिस्सा, सुचवतो. माझे मत विचाराल तर पाच पानांच्या साइटला तो नको, अनेकदा वर्डप्रेसही नको. साधी एचटीएमएल पाने सीडीएनवर, म्हणजे जागोजागी प्रती ठेवणाऱ्या सर्व्हरांच्या जाळ्यावर, फुकट ठेवता येतात आणि गर्दी आली तरी सहसा पडत नाहीत. पत्त्याशेजारच्या कुलपाच्या चिन्हासाठी, म्हणजे सुरक्षा प्रमाणपत्रासाठी, दरवर्षी वेगळे पैसे मागणाऱ्यालाही ते कशाचे, हा प्रश्न जरूर विचारावा. लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था २०१५ पासून प्रमाणपत्र फुकट देते. एकदा सोय लावून दिली की त्याचे नूतनीकरण आपोआप होते.

खरी मेख मात्र यंत्रात नाही, मालकीत आहे. डोमेन, म्हणजे साइटचे इंटरनेटवरचे नाव, हा तिचा सातबारा, आणि तो पुष्कळदा साइट बनवून देणाऱ्या मुलाच्या नावावर असतो. त्यात त्याची लबाडी असतेच असे नाही. मालकाकडे ईमेल नव्हता, त्याने आपला टाकला. पुढे तो नोकरीसाठी पुण्याला जातो, नंबर बदलतो, नूतनीकरणाची पत्रे त्या जुन्या ईमेलवर येत राहतात. डॉट कॉमची मुदत संपली की रजिस्ट्रार, म्हणजे नाव नोंदवणारी कंपनी, फार तर ४५ दिवस थांबतो. मग ३० दिवसांच्या ‘रिडेम्प्शन’मध्ये दंड भरून नाव परत मिळते. त्यानंतर ५ दिवसांनी ते कुणालाही घेता येते.

तीर्थक्षेत्री असे नाव हातचे जाणे जास्त बोचते. वैजनाथ, वैद्यनाथ, बैद्यनाथ अशी नावे इंग्रजीत नाना तऱ्हांनी लिहितात, त्यात देवघर या दुसऱ्या तीर्थाचाही या नावावर दावा आहेच. भाविकाने चुकीच्या पत्त्यावर जायला एवढे पुरे. शनिशिंगणापूरच्या नावाने बनावट ॲपवरून पूजेचे पैसे गोळा झाल्याचे प्रकरण २०२५ मध्ये विधानसभेपर्यंत पोचले. सरकारी साइटच्या शेवटचे ‘जीओव्ही डॉट इन’ खासगी माणसाला मिळत नाही, म्हणून त्यावर भरवसा ठेवता येतो.

नावासारखाच बॅकअपही आपल्या ताब्यात हवा. १० मार्च २०२१ ला फ्रान्समध्ये स्ट्रासबर्गला ओव्हीएच कंपनीचे डेटा सेंटर जळाले, लाखो साइट बंद पडल्या, आणि ज्यांची प्रत त्याच आवारात होती त्यांच्यापैकी अनेकांचे सगळे गेले. होस्टिंग सांभाळायच्या सीपॅनल या पानावर ‘बॅकअप’ असे बटण असते; ती फाईल उतरवून घरच्या हार्डडिस्कवर ठेवायला अर्धा तास पुरतो.

तर दुकानदार, लॉजवाले, क्लासवाले, शाळावाले हो, या दिवाळीत वहीपूजन कराल तेव्हा वहीच्या शेवटच्या पानावर एवढे लिहून ठेवा: डोमेन कुठे घेतले, मुदत कधी संपते, होस्टिंगचे खाते कुणाकडे आणि बॅकअपची तारीख. त्याआधी रजिस्ट्रारच्या खात्यावर ईमेल कुणाचा आहे ते बघा. तो तुमचा नसेल, तर डेव्हलपरला आजच फोन लावा.