राखणीच्या कुत्र्याचें दुखणें व त्याचें अन्न

खळ्यावर रात्र जागणारें कुत्रें ढुंगण जमिनीवर घासूं लागलें, कीं “जंत झाले” असें म्हणून आपण मोकळे होतों. जंतांनींही असें होतें. परंतु पुष्कळदां कारण निराळेंच असतें, हें आम्ही वाचकांच्या नजरेस आणूं इच्छितों.

कुत्र्याच्या गुदद्वाराच्या दोहों बाजूंस, किंचित् खालीं, कातडीच्या आंत एकेक लहान पिशवी असते. तींत उग्र वासाचा द्रव सांठतो. विष्ठा घट्ट बांधलेली असली म्हणजे तिच्या दाबानें पिशवी आपोआप रिकामी होते. हगवण लागली किंवा विष्ठा सतत पातळ राहिली, कीं तो दाब पडत नाहीं; द्रव दाट होऊन तुंबतो, कधीं त्यांत पू होतो व गळूं फुटतें. जनावर शेपटीचें मूळ चावतें, शौचास बसतांना कण्हतें.

म्हणून उपायाचा आरंभ अन्नापासून करावा. आंबलेलें अन्न व तेलकट उष्टें बंद करावें. कांदा-लसूण कुत्र्यास विषारी आहे. शिजविलेलीं हाडें देऊं नयेत. त्यांच्या अणकुचीदार तुकड्यांनीं आंतड्यांस इजा होते. भाकरींत थोडा उकडलेला तांबडा भोपळा किंवा गव्हाचा कोंडा मिसळावा. मात्र हा बदल आठवडाभरांत हळूहळू करावा.

सूज, रक्त अगर पू दिसल्यास पिशवी स्वतः पिळूं नये. पशुवैद्यकीय दवाखाना गांठावा. म्हाताऱ्या कुत्र्यास तेथें टणक गांठ लागल्यास तें अर्बुदही असूं शकतें. विलंब करूं नये. बैलाच्या खुराची आपण जितक्या तत्परतेनें दखल घेतों, तितकीच या मुक्या राखणदाराचीही घ्यावी, एवढेंच आमचें मागणें आहे.