आहुखान्यापासून माहेरघरापर्यंत

आपल्या शनवाऱ्यातील श्रोत्यांना आहुखान्याची वाट सांगावयास नको. १६३१ च्या जूनमध्ये मुमताज महल याच बऱ्हाणपुरात चौदाव्या बाळंतपणात निवर्तली आणि तिचा देह प्रथम तापीपलीकडच्या त्या बागेत विसावला. बादशहापाशी हकीम होते. अशा वेळी लागणारे औषध जगात कोणापाशीच नव्हते. आज रक्तस्राव रोखणारे इंजेक्शन आहे, रक्तपेढी आहे. ती कोणाच्या आवाक्यात आहेत, एवढाच प्रश्न उरला आहे.

२०१८-२० च्या नमुना नोंदणीनुसार एक लाख जिवंत जन्मांमागे मातामृत्यू मध्यप्रदेशात १७३, तर शेजारच्या महाराष्ट्रात ३३ होते. परंतु सरासरी मोठी फसवी असते. त्या ३३ मध्ये मेळघाटातील कोरकू स्त्री वेगळी दिसत नाही, आणि १७३ मध्ये आमच्या खकनारकडची बारेला स्त्रीही नाही. डोंगरातील वस्ती, पावसाळ्यातला नाला, अंगात अपुरे रक्त आणि दवाखान्यात न समजणारी बोली, हे सारे तिच्याच वाट्याला एकदम येते.

२००५ च्या जननी सुरक्षा योजनेने दवाखान्यात बाळंत होणाऱ्या ग्रामीण मातेस आपल्या राज्यात १४०० रुपये देऊ केले. पैसे प्रसूतीनंतरचे, नाला मात्र आधी ओलांडावा लागतो. म्हणून महाराष्ट्राच्या आदिवासी भागातील ‘माहेरघर’ योजना मला अधिक शहाणी वाटते. तीत गरोदर स्त्रीने दिवस भरण्याआधीच सोबतीच्या माणसासह आरोग्य केंद्रापाशी येऊन राहावयाचे असते. भाषेचा अभ्यासक म्हणून मला ते नावही आवडले. पण माहेरी आपली बोली बोलणारे कोणी असते. केंद्रात कोरकू जाणणारी परिचारिका नसेल, तर ती बाई दुसऱ्याच दिवशी गावाकडे परतण्याचा संभव अधिक.