मनाच्या आजाराची विचारपूस

घरात कुणाचा पाय मोडला की काय होते, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. त्याच संध्याकाळी खाला डबा घेऊन येतात, शेजारच्या भाभी मुलांना आपल्याकडे जेवू घालतात, इशाच्या नमाजनंतर चार जण तब्येत विचारून जातात. आजाऱ्याची विचारपूस, म्हणजेच इयादत, हा एका मुसलमानाचा दुसऱ्यावरचा हक्क आहे, अशी प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण आहे. आपल्या मोहल्ल्यांमध्ये तो आजही मनापासून पाळला जातो.

आजार मनाचा असला की मात्र दारात कुणी येत नाही. लोक निष्ठुर असतात असे नाही. त्यांना कळवलेलेच नसते. धाकट्या बहिणीचे स्थळ बघायचे असते, सासरी बोलणी ऐकावी लागतील ही भीती असते. मग गोळ्यांची पाकिटे तांदळाच्या डब्यात जातात आणि विचारणाऱ्याला 'जरा अशक्तपणा आहे' एवढेच उत्तर मिळते.

आम्ही आठ जणी अशाच घरांतल्या. मिरज, मालेगाव, सोलापूर, चिपळूण, मुंब्रा अशा ठिकाणी राहणाऱ्या. एक तर पतीच्या नोकरीमुळे कुवेतला असते. तिघींना नैराश्य आहे, दोघींना बायपोलर, एकीला ओसीडी आणि दोघी स्किझोफ्रेनिया असलेल्या तरुण मुलांच्या आया. करोनाच्या टाळेबंदीत डॉक्टरांची भेटही मोबाइलवर होऊ लागली. त्याच दिवसांत एकीमुळे दुसरीची, दुसरीमुळे तिसरीची ओळख होत गेली आणि व्हॉट्सअॅपवर आमचा छोटा गट झाला. बहुतेक जणी एकमेकींना प्रत्यक्ष कधीच भेटलेल्या नाहीत. तरीही आमची इयादत आम्हीच करतो, आणि त्याचा काय उपयोग झाला तेच येथे सांगायचे आहे. कोणाची ओळख उघड होऊ नये म्हणून नावे मात्र कुणाचीच देत नाही.

आपण एकट्या नाही

बेंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने 2015-16 मध्ये बारा राज्यांत मानसिक आरोग्याची पाहणी केली. दर शंभर प्रौढांपैकी दहापेक्षा जास्त लोकांना त्या वेळी काही ना काही मानसिक आजार होता. त्याहून वाईट म्हणजे, निरनिराळ्या आजारांत 70 ते 92 टक्के रुग्णांना उपचारच मिळत नव्हते. भरल्या घरात, दहा-बारा माणसांच्या कुटुंबात, एखादे माणूस हे सोसत असणे मुळीच नवलाचे नाही. नवल एवढेच, की प्रत्येक घराला वाटते, हे फक्त आपल्याकडेच आहे.

गटातल्या पहिल्या आठवड्यात मिळालेला दिलासा हाच होता. 'सकाळी अंथरुणातून उठून ब्रश करणेही डोंगराएवढे वाटते' असे एकीने लिहिले, आणि 'आळस सोड' असे उत्तर कुणीही दिले नाही.

मेसेजची वेळ

आमच्या एका बायपोलर असलेल्या मैत्रिणीचा आजार घरच्यांच्या आधी गटाला कळतो. एरवी ती दिवसातून दोन ओळी लिहिते. मध्यंतरी रात्री तीनला तिचे लांबच लांब मेसेज येऊ लागले: शिवणकामाचा कारखाना काढायचा, बांगड्या विकून मशिनी घ्यायच्या, दोन तास झोपूनही थकवा नाही. वाचणाऱ्याला वाटावे, किती उत्साही बाई! पण झोप कमी होणे आणि उत्साह वाढणे ही तिच्या आजाराची चाहूल आहे, हे तिनेच बरी असताना आम्हाला सांगून ठेवले होते. अशा वेळी भावाला फोन करा, अशी परवानगीही दिली होती. त्याप्रमाणे आम्ही फोन केला. दुसऱ्या दिवशी ती डॉक्टरांकडे होती. बांगड्या हातातच राहिल्या.

यावरून आम्ही नियमच केला. प्रत्येकीने घरातल्या एका विश्वासू माणसाचा नंबर दोघींकडे देऊन ठेवायचा. बरे असताना घेतलेला हा निर्णय आजारात उपयोगी पडतो.

'माझा वुजू झाला का गं?'

ओसीडी असलेली मैत्रीण एकेका नमाजसाठी अर्धा-पाऊण तास वुजू करीत असे. हात सोलवटून निघत. घरचे म्हणत, किती परहेजगार! आपल्याकडे अशा शंकेला वसवसा म्हणतात, आणि तो जेव्हा माणसाचा दिवस गिळू लागतो तेव्हा उपचार लागतो. तिच्या उपचाराचा गाभा असा, की वुजू एकदाच करायचा, मग कितीही बेचैनी वाटली तरी परत नळाकडे जायचे नाही. बेचैनी थोड्या वेळाने आपोआप उतरते, हे मनाला हळूहळू उमगते.

तिच्या डॉक्टरांनी तिच्यामार्फत आम्हालाही एक काम सांगितले. ती 'माझा वुजू झाला ना?' विचारील, तेव्हा 'हो, झाला' असे म्हणायचे नाही. कारण त्या 'हो'ने दहा मिनिटे बरे वाटते आणि मग तोच प्रश्न दुप्पट जोराने परत येतो. म्हणून आम्ही लिहितो, 'या प्रश्नाचे उत्तर देणार नाही, पण बेचैनी उतरेपर्यंत इथेच आहोत.' मग गप्पा निघतात, बिर्याणीला कोणता तांदूळ घ्यावा इथपासून मुलांच्या परीक्षांपर्यंत.

रमजानच्या आधी

दरवर्षी शाबान महिन्यात आमच्या गटात एकच विषय असतो: रोजे आणि गोळ्या. 'या महिन्यात गोळ्या बंद, दुआनेच बरे वाटेल' असा सल्ला देणारे घरोघरी भेटतात. अचानक गोळ्या थांबवल्या तर आजार उलटतो, हे आम्ही जवळून पाहिले आहे. लिथियम घेणाऱ्यांनी तर विशेष जपले पाहिजे. उन्हाळ्यातल्या लांब रोजात शरीरातले पाणी कमी झाले, की रक्तात लिथियमचे प्रमाण धोक्याच्या पातळीपर्यंत वाढू शकते. सहेरीसाठी तुटणारी झोपही बायपोलरच्या रुग्णाला बाधू शकते.

म्हणून रमजानच्या महिना-दीड महिना आधीच डॉक्टरांना गाठावे. गोळ्यांच्या वेळा इफ्तार-सहेरीला जुळतात का, रक्ततपासणी हवी का, रोजा ठेवणे योग्य आहे का, हे तेच ठरवतील. कुरआनने आजाऱ्याला रोजाची सवलत दिली आहे. तिचा मसला जाणकार आलिमांना विचारावा. गेल्या रमजानमध्ये आमच्यापैकी दोघींनी रोजे ठेवले नाहीत. घरच्यांपुढे त्या संकोचू नयेत म्हणून रोज दुपारी आम्ही गटात विचारायचो, 'आज काय जेवलीस?'

दवा आणि दुआ

आजाराला नजर किंवा जिन्नाची बाधा समजून वर्षानुवर्षे फिरणारी घरे आम्हाला माहीत आहेत. दोन तर आमच्यातलीच आहेत. दुआ आम्हीही मागतो. पण आपल्याच इतिहासात याचे उत्तर आहे. बल्खचे विद्वान अबू जैद अल-बल्खी यांनी सुमारे अकराशे वर्षांपूर्वी शरीर आणि मन या दोहोंच्या आरोग्यावर एकत्र ग्रंथ लिहिला. ज्याचे कारण दिसते ते दुःख वेगळे आणि कारण नसताना येणारी, शरीरातून उपजणारी उदासी वेगळी, असे त्यांनी त्यात मांडले. वसवशाने पछाडलेल्या माणसाने एकांत टाळून सोबत धरावी, हा सल्लाही त्यांचाच. आपल्या काळातले उदाहरण गुजरातमधल्या उनावाच्या मीरा दातार दर्ग्याचे आहे. तेथे 2008 पासून 'दवा आणि दुआ' हा उपक्रम चालला. जियारतीला आलेल्या रुग्णाला मुजावरच मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवू लागले.

गटाला जे जमत नाही

आमच्या गटात गोळीचा डोस कुणी सुचवत नाही. 'मला ही लागू पडली, तूही घे' असे लिहायला बंदी आहे. पैशांची देवघेव नाही. खात्रीशीर इलाजाचे फॉरवर्ड नाहीत. इथले बोलणे बाहेर जाऊ द्यायचे नाही. नव्या ओळखीच्या व्यक्तीला महिना-दोन महिने एकेकीने जाणून घेतल्याशिवाय गटात घेत नाही, कारण अडचणीतल्या बाईला गाठून पैसे उकळणारेही मोबाइलवरच असतात.

सर्वांत अवघड असतो तो 'आता जगावेसे वाटत नाही' हा मेसेज. अशा वेळी 'हे हराम आहे' असे सुनावून उपयोग होत नाही. ते तिलाही ठाऊक असते. आम्ही सरळ विचारतो, 'जीव द्यायचा विचार येतो आहे का?' असे विचारल्याने विचार डोक्यात भरत नाही, उलट मनावरचे ओझे हलके होते. एक जण तिच्याशी बोलत राहते, दुसरी घरच्या माणसाला फोन लावते आणि ते येईपर्यंत तिला एकटे सोडत नाही. 14416 हा टेलि-मानसचा सरकारी नंबर आम्ही सगळ्यांनी मोबाइलमध्ये ठेवला आहे. 2022 पासून ही सेवा सुरू आहे. दिवसरात्र, मोफत, मराठीतही. आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या माणसाला तीव्र मानसिक ताणाखाली आहे असे मानून त्याला उपचार द्यावेत, शिक्षा नव्हे, असे 2017 चा मानसिक आरोग्य कायदा सांगतो. त्यामुळे पोलिसांच्या भीतीने दवाखाना टाळू नये.

आणि शेवटी अंतर हे अंतरच. कुवेतच्या मैत्रिणीला मिरजेच्या मैत्रिणीबरोबर ओपीडीच्या रांगेत बसता येत नाही. ते काम घरच्यांचे, शेजाऱ्यांचे, म्हणजे हा अंक वाचणाऱ्या आपणा सर्वांचे आहे. वाचक बंधूभगिनींनो, ओळखीत असे कुणी असेल तर 'सब्र कर', 'नमाज पढत नाहीस का?' हे प्रश्न बाजूला ठेवा. 'आज झोप लागली का? गोळी घेतलीस का? पुढच्या तारखेला दवाखान्यात मी सोबत येऊ का?' एवढे विचारा. आमच्यापैकी एकीला सासूबाईंनी तीन वर्षांनी हा शेवटचा प्रश्न विचारला. आता दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी त्या दोघी मिळून जातात, आणि गोळ्यांचे पाकीट स्वयंपाकघरातल्या खिडकीत, सर्वांना दिसेल असे ठेवलेले असते.