हेडचे पाणी, टेलचे पाणी

बारामती पुढे गेली आणि इंदापूर मागे राहिले, असे आमच्या भागात सर्रास बोलले जाते. एसटी स्टँडवर, लग्नाच्या मांडवात, कारखान्याच्या काट्यावर, विषय कुठेही निघो, उत्तर ठरलेले असते: बारामतीला पवार मिळाले. हे उत्तर खोटे नाही, पण अपुरे आहे. त्यामुळे दोन्ही तालुक्यांचा तोटा होतो, कारण त्यातून इंदापूरकराला नशिबाला बोल लावायची सवय लागते आणि बारामतीच्या उत्तर भागातल्या कोरडवाहू शेतकऱ्याचे दुःख कोणाच्या हिशेबातच येत नाही.

आधी जमीन पाहू. पुणे जिल्ह्याच्या आग्नेय टोकाला हे दोन तालुके एकमेकांना लागून आहेत. दोन्ही पर्जन्यछायेतले, वर्षाकाठी पाचशे मिलिमीटरच्या आसपास पावसाचे. दोघांच्या दक्षिणेला नीरा. बारामती शहरातून कऱ्हा वाहते आणि पुढे सोनगावला नीरेला मिळते. इंदापूरला उत्तर आणि पूर्व बाजूंनी भीमेने वेढले आहे. 2011 च्या जनगणनेत बारामती तालुक्याची लोकसंख्या सव्वाचार लाखांच्या पुढे होती आणि इंदापूरची पावणेचार लाखांच्या पुढे. माती, पाऊस, पिके, देवधर्म, बोली, सोयरिकी यांत फारसा फरक नाही. मग दोघांच्या वाटा कुठे वेगळ्या झाल्या?

माझ्या मते त्याची सुरुवात नीरा डाव्या कालव्यापासून होते. 1876-77 च्या दुष्काळाने दख्खनचे कंबरडे मोडले, तेव्हा इंग्रज सरकारने भाटघरला धरण आणि वीरपासून कालवा असे काम हाती घेतले. 1885 च्या सुमारास कालव्याला पाणी आले. 1920 च्या दशकात भाटघरला मोठे धरण उभे राहिल्यावर बारमाही उसाला बळ मिळाले. कालवा पुरंदरातून बारामतीत शिरतो, सोमेश्वर, पणदरे, माळेगाव हा पट्टा भिजवतो आणि शेवटी इंदापुरात जातो. म्हणजे इंदापूर पहिल्या दिवसापासून टेलला, कालव्याच्या शेवटच्या टोकाला आहे.

टेलला असणे म्हणजे काय, हे चारीवर उभे राहिल्याशिवाय कळत नाही. आवर्तन जाहीर होते, पाणीमागणीचे सात नंबरचे अर्ज भरले जातात, पाळीचा दिवस येतो. वरच्या अंगाला कुणी मोगा (पाणी सोडायचे तोंड) वाकवलेला असतो, कुणी रात्री सायफन टाकलेला असतो, कुठे चारीत गवत आणि गाळ असतो. पाणी फाट्याच्या तोंडाशी छातीएवढे दिसते आणि शेवटच्या शेताशी पोचेपर्यंत घोट्याएवढे होते. दारे धरायला रात्री उठलेला माणूस बॅटरी घेऊन चारीच्या कडेने दोन-दोन किलोमीटर वर चालत जातो, कारण पाणी कुठे मुरते आहे ते त्यालाच शोधावे लागते. नियमाप्रमाणे आधी टेलला आणि मग हेडला पाणी द्यायचे असते. प्रत्यक्षात पाटकऱ्याचा जीव दोन्हीकडून टांगणीला लागलेला असतो. असे सव्वाशे वर्षांहून अधिक काळ चालले आहे. शेवटच्या पाळीचा भरवसा नसलेला शेतकरी ऊस कमी लावतो, कर्ज काढायला बिचकतो आणि विहिरीवर जास्त खर्च करतो. खात्रीचे पाणी आणि बेभरवशाचे पाणी यांतला हा फरक पिढ्यान्‌पिढ्या साचत गेला.

पण इथेच तुलनेची नेहमीची रेष चुकते. खरी सीमा दोन तालुक्यांच्या मध्ये नाही, ती कालव्याच्या कडेने जाते. बारामतीच्या उत्तरेला सुपे, मोरगाव, उंडवडी, शिर्सुफळ हा सगळा जिरायत पट्टा. शहाजीराजांच्या जहागिरीतले हे सुपे. तिथल्या शेतकऱ्याचे आयुष्य माळेगावच्या ऊस उत्पादकापेक्षा इंदापूरच्या माळरानावरल्या धनगराला जवळचे आहे. जानाई-शिरसाई उपसा योजनेच्या पाण्यासाठी या गावांनी वर्षानुवर्षे निवेदने दिली, निवडणुकीच्या तोंडावर बहिष्काराची भाषा केली. उलट इंदापुरात बोरी, शेळगाव भागातल्या द्राक्षबागा आणि निमगाव केतकीची डाळिंबे पाहिली, की याला मागास कोण म्हणेल? कमी पाण्यावर नगदी फळे काढण्याचे कसब इथल्या शेतकऱ्याने टेलच्या शाळेतच शिकून घेतले.

बारामतीने काय वेगळे केले, हे मात्र नीट सांगायला हवे. 1967 साली शरद पवार पहिल्यांदा विधानसभेवर गेले. त्याच सुमारास तांदूळवाडीत, बाहेरून आलेले धान्य मजुरी म्हणून देऊन पाझर तलाव खणला गेला आणि तो नमुना तालुक्यात पसरला. 1971 मध्ये कृषी विकास प्रतिष्ठान उभे राहिले; अप्पासाहेब पवारांनी तिथे संकरित गाई, ठिबक, फळबागा असे प्रयोग शेतकऱ्याच्या डोळ्यांसमोर करून दाखवले. त्याआधी 1962 मध्ये तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय निघाले होते, 1972 मध्ये विद्या प्रतिष्ठान आले. पुढे एमआयडीसीत पियाज्जिओची तीनचाकी, फेरेरोची चॉकलेटे, डायनामिक्सची दूध भुकटी, भारत फोर्ज, वस्त्रोद्योग संकुल. माळेगावला अजैविक ताण व्यवस्थापनाची राष्ट्रीय संस्था आली, 2019 मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. अलीकडे ऑक्सफर्ड विद्यापीठ आणि मायक्रोसॉफ्ट यांच्या साहाय्याने उसावर कृत्रिम बुद्धिमत्तेचा जो प्रयोग झाला, त्याचा उल्लेख 2025 च्या सुरुवातीला मायक्रोसॉफ्टचे प्रमुख सत्या नाडेला यांनी जगापुढे केला. या यादीत मला सगळ्यात महत्त्वाचे वाटते ते सातत्य. एक संस्था रुजली की तिच्या आधाराने दुसरी आली आणि सगळ्या एकाच शहराच्या पंचक्रोशीत राहिल्या. इंदापूरच्या पोराला इंजिनीअरिंगला बारामती, गाडी पासिंगला बारामती, प्रांताकडे अपील करायला बारामती. त्याच्या गाडीवर एमएच 42 हा क्रमांकही बारामती कार्यालयाचाच असतो.

आणि गंमत अशी की उद्योग आधी आला तो इंदापुरात. वालचंद हिराचंद यांनी कळंबच्या माळावर 1930 च्या दशकात साखर कारखाना आणि हजारो एकरांची शेती उभी केली. तेच वालचंदनगर. साखरेची यंत्रे करता करता तिथले फाउंड्री-मशीन शॉप इतके तयार झाले, की अणुभट्ट्यांचे भाग आणि इस्रोच्या पीएसएलव्ही, जीएसएलव्ही रॉकेटांची मोटर केसिंग तिथून गेली. 2023 साली चांद्रयान-3 उडाले तेव्हा या भागातल्या अनेक घरांत निवृत्त फिटर, वेल्डर टीव्हीसमोर बसून होते, आणि त्यांचा अभिमान खरा होता. बारामतीला एमआयडीसी येण्याआधी अर्धशतक इंदापूरच्या माणसाच्या हाताला लेथची सवय होती. तरीही वालचंदनगरचा फायदा तालुकाभर पसरला नाही, तिथे वसाहत झाली. घरे कंपनीची, शाळा कंपनीची, दवाखाना कंपनीचा. बाहेर शेडमध्ये सुटे भाग करणारे छोटे कारखानदार पुरेसे उभे राहिले नाहीत. कंपनीचे दिवस बरे असले की गाव बरे, कंपनी आजारी पडली की बाजारपेठ ओस. हा एका मालकाच्या गावाचा स्वभावच असतो. टाटानगरसारखी अफाट व्याप्ती असेल तरच तो सुटतो.

नेतृत्व नव्हते असेही म्हणता येत नाही. शंकरराव बाजीराव पाटील यांनी इंदापूरचे राजकारण आणि सहकार उभा केला, राज्यात मंत्रिपद सांभाळले, 1980 आणि 1989 मध्ये बारामती लोकसभेचे ते खासदार होते. हर्षवर्धन पाटील 1995 पासून दोन दशके आमदार आणि त्यात बराच काळ मंत्री. 2014 पासून दत्तात्रय भरणे. 2025 मध्ये राज्याचे कृषिखाते त्यांच्याकडे आले. बिजवडी आणि शहाजीनगरचे सहकारी कारखाने, भवानीनगरचा छत्रपती, ही सगळी इंदापूरच्या मातीतली. छत्रपतीचे सभासद तर दोन्ही तालुक्यांतले आहेत. पण सत्तेचे पारडे दर काही वर्षांनी कलत राहिले आणि एका गटाने मांडलेला डाव दुसऱ्याने पुढे नेला, असे कमी वेळा घडले. दुधात मात्र सोनाईसारखा खासगी उद्योग इंदापुरातूनच राज्यभर गेला. भिगवणजवळ 1990 च्या दशकात इंडोनेशियाच्या सिनार मास समूहाने कागद कारखाना काढला, पुढे तो बल्लारपूर इंडस्ट्रीजकडे गेला. रेल्वे, महामार्ग आणि भीमेचे पाणी या तिन्ही गोष्टी तिथे एकत्र होत्या, म्हणून जकार्तावाल्यांना भिगवण सापडले.

भीमेच्या या पाण्याची गोष्ट इंदापूरच्या काळजाला लागलेली आहे. 1980 मध्ये उजनी धरण पुरे झाले. भिंत सोलापूर जिल्ह्यात, फुगवटा इंदापूर, दौंड आणि करमाळ्यात. पळसदेव, कळाशी, जुने भिगवण अशा गावांची काळी जमीन पाण्याखाली गेली. 117 टीएमसीच्या आसपास साठा, त्यातला निम्म्याहून जास्त मृत. त्यामुळे दुष्काळात इथे ‘उजनी मायनसमध्ये गेली’ असे वाक्य रोज ऐकू येते. 2024 च्या उन्हाळ्यात ती उणे पन्नास टक्क्यांच्याही खाली उतरली आणि पळसदेवचे जुने पळसनाथाचे देऊळ पुन्हा उघडे पडले. त्याच उन्हाळ्यात, मे महिन्यात कुगाव ते कळाशी जाणारी प्रवासी बोट वादळात उलटून सहा जण बुडाले. नदी असताना जे पैलतीर हाकेच्या अंतरावर होते, ते धरणाने इतके लांबवले की लोक अजून होडीने जातात. शिरसोडी-कुगाव पूल मंजूर आहे. तो वेळेत झाला पाहिजे. काठावरच्या शेतकऱ्यांनी मोटारी टाकून ऊस केला, भिगवणच्या बाजारात चिलापी, मरळ, वाम येऊ लागली, हिवाळ्यात कुंभारगावला रोहित पक्षी पाहायला गर्दी होऊ लागली आणि मच्छीमारांच्या पोरांना वाटाड्याचे काम मिळाले. पण पुण्या-पिंपरीचे सांडपाणीही याच जलाशयात येते. गावे बुडाली इंदापूरची आणि पाण्यावर पहिला हक्क खालच्यांचा. म्हणून उजनीचे पाणी उचलणाऱ्या लाकडी-निंबोडी उपसा योजनेला मंजुरी मिळताच सोलापुरातून विरोध उठला. त्यांचेही चूक नाही. तेसुद्धा कुठल्या तरी कालव्याच्या टेललाच आहेत.

शेजाऱ्यांमधले पाणी जगात कुठेच सोपे नसते. सिंगापूर 1965 मध्ये मलेशियातून वेगळे झाले. एका बाजूला बंदर आणि बँकांवर मोठे झालेले शहर, दुसऱ्या बाजूला मलेशियाच्या जोहोर राज्याची तेलताडाची शेती आणि नद्या. 1962 च्या करारानुसार सिंगापूर रोज 25 कोटी गॅलनपर्यंत पाणी जोहोरमधून घेते, 2061 पर्यंत, हजार गॅलनला तीन सेन या दराने. दर वाढवून मिळावा म्हणून मलेशिया अनेक वर्षे भांडते आहे. पण दोघांच्या हाती लेखी करार आहे, मुदत आहे, आकडा आहे. आमच्याकडे नीरेच्या पाण्याचे वाटप सरकार बदलले की बदलते. 2019 मध्ये डाव्या कालव्याचे जादा पाणी बंद करून उजव्या कालव्याला देण्याचा आदेश निघाला, तेव्हा बारामती आणि इंदापूर दोघांचेही धाबे एकदम दणाणले. शेजारी एकाच बोटीत आहेत, हे त्या वेळी दोघांनाही कळले असेल.

संस्कृतीच्या बाबतीत तराजू घेऊन बसणे मला पटत नाही. श्रीधरस्वामींनी 1718 मध्ये शिवलीलामृत पुरे केले ते बारामतीत, मोरोपंतांनी हयात घालवली ती बारामतीच्या नाइकांच्या आश्रयाने. अष्टविनायकांतला पहिला मोरगावला. इंदापूरला मालोजीराजांची गढी आहे, ते इथल्याच लढाईत पडले; आणि तालुक्याच्या टोकाला नीरा-भीमेच्या संगमावर नरसिंहपूर. पण ज्या गोष्टीने दोन्ही तालुके एकत्र बांधले जातात, ती तुकोबांची पालखी. ती उंडवडी गवळ्याचीवरून बारामतीला येते, काटेवाडीत परीट समाज धोतरांच्या पायघड्या घालतो आणि मेंढ्यांचे रिंगण होते. शेकडो मेंढ्या पालखीभोवती धावतात, धूळ उठते, लोकर आणि घामाचा वास सुटतो, पुढच्या बकऱ्याच्या गळ्यात हळदीचा भंडारा. तिथून थोडे पुढे तालुक्याची हद्द लागते आणि सणसर येते. मग बेलवाडीचे पहिले गोल रिंगण, निमगाव केतकी, इंदापूर, सराटी. वारकऱ्याला तालुका बदलल्याचे कळतही नाही, कारण भाकरी-पिठले दोन्हीकडे तेच.

तसेच माळरान. सुप्याचे मयूरेश्वर अभयारण्य, शिर्सुफळ-गाडीखेल आणि इंदापूरचे कडबनवाडी, या गवताळ पट्ट्यात चिंकारा आणि लांडगा हद्द न पाहता फिरतात. वनखात्याने तिथे सफारी सुरू केली, हे चांगले झाले. सरकारी दप्तरात पडीक म्हणून नोंदलेल्या या रानाला पहिल्यांदाच काही किंमत मिळाली.

आता परत कालव्याकडे येऊ. नीरा डाव्या कालव्याच्या अस्तरीकरणाचा वाद अधूनमधून पेटतो. कालव्याला सिमेंट केले तर पाझर थांबेल आणि टेलला पाणी जास्त पोचेल. पण त्याच पाझरावर कालव्याकाठच्या शेकडो विहिरी जगतात, त्यांतल्या कित्येक इंदापूरच्याही आहेत. गळणारे, वाया जाणारे म्हणून जे पाणी मोजले जाते, त्यातले बरेचसे शेतकऱ्याने विहिरीतून परत उपसलेले असते. म्हणून सगळीकडे सरसकट अस्तर करण्याआधी कालव्याकाठच्या विहिरींची मोजणी व्हावी, भराव फुटायची भीती असलेल्या जागा आधी पक्क्या कराव्यात, आणि प्रत्येक वितरिकेच्या शेवटच्या मोग्यावर पाणी मोजायचे साधन बसवून त्याचा आकडा दर आवर्तनाला दोन्ही तालुक्यांच्या पाणीवापर संस्थांसमोर ठेवावा. हेडला किती गेले आणि टेलला किती पोचले, हे दोघांनी एकाच कागदावर पाहिले तर निम्मे भांडण तिथेच मिटेल. उरलेल्या निम्म्यासाठी मंत्रालयात एकत्र जाता येईल, कारण उजव्या कालव्यावरही माणसेच शेती करतात आणि त्यांनाही पाणी हवे आहे.