रंगीत व्यस्त प्रतींचे क्रमवीक्षण

निगेटिव्ह या नावाने परिचित असलेल्या रंगीत व्यस्त प्रतीतून पार होणारा प्रकाश बिंदुशः मोजून त्यापासून संगणकावर मूळ रंगांची सम प्रतिमा मिळविण्याची क्रिया. छायाचित्रालयांत व घरोघरी साठलेल्या जुन्या व्यस्त प्रती जतन करण्यासाठी तिचा उपयोग होतो. तथापि तीत रंग बिघडण्याचा संभव फार असतो.

विकासनानंतर फिल्मच्या थरांत निळसर हिरवा, किरमिजी व पिवळा असे तीन रंजक तयार होतात. ते शुद्ध नसतात. किरमिजी रंजकाने केवळ हिरवा प्रकाश शोषावा अशी अपेक्षा असते. परंतु तो थोडा निळाही शोषतो. या दोषाच्या भरपाईसाठी रंजक निर्माण करणारी काही द्रव्येच रंगीत योजतात. जेथे जितका रंजक बनतो तेथे तितका द्रव्याचा मूळ रंग नाहीसा होतो आणि नको असलेले शोषण चित्रभर सारखे होते. फिल्मचा नारिंगी रंग तो हाच. त्यामुळे प्रतिमा नुसती उलटविल्यास तीवर निळी झाक येते.

ही झाक घालविण्यासाठी स्वयंचलित दुरुस्तीत बहुधा चित्रातील सर्व रंगांची सरासरी करडी मानतात. कोल्हापूरजवळील वाडी रत्नागिरी येथे भरणाऱ्या जोतिबाच्या चैत्री यात्रेच्या चित्रात हे गृहीत फसते. माणसे, सासनकाठ्या, पायऱ्या सारे गुलालाने माखलेले असते. यंत्र गुलालालाच दोष समजून तो वजा करते. गुलाल फिका पडतो व पांढरे फेटे हिरवट दिसू लागतात. देवळाचा काळा दगड प्रमाण मानावा, तर त्यावरही गुलाल असतोच.

म्हणून प्रमाण चित्रातून न घेता फिल्मवरून घेणे श्रेयस्कर. क्रमवीक्षकाचे स्वयंचलित समायोजन बंद ठेवून दोन चित्रांमधील, प्रकाश न पडलेल्या पट्टीतून पार होणारा लाल, हिरवा व निळा प्रकाश मोजतात आणि चित्रातील प्रत्येक बिंदूच्या त्या त्या मापनास त्याने भागतात. भागाकाराचे लॉगरिथम घेतले की पट्टीच्या वर असलेली घनता कळते. तिन्ही थरांच्या घनतावक्रांचा चढ सारखा नसल्यामुळे ते वेगवेगळे जुळवावे लागतात. त्याच गुंडाळीवर साध्या उन्हातील एखादे चित्र असल्यास त्यावरून मूल्ये ठरवून तीच यात्रेच्या चित्रांनाही लावावीत. पांढऱ्या दिव्याऐवजी लाल, हिरव्या व निळ्या अशा अरुंद पट्ट्यांचा प्रकाश वापरल्यास रंजकांची परस्परांतील सरमिसळ कमी मोजली जाते.

व्यस्त प्रतीत रंगाची नोंद असते. तो दृश्य होतो प्रत काढताना. कोल्हापुरात १९२९ मध्ये स्थापन झालेल्या प्रभात फिल्म कंपनीच्या ‘सैरंध्री’ (१९३३) या चित्रपटाच्या रंगीत प्रती जर्मनीत काढण्यात आल्या. त्यांतील रंग समाधानकारक उतरले नाहीत.

उष्ण व दमट हवेत दीर्घकाळ राहिलेल्या फिल्मचे रंजक असमान वेगाने विटतात. अशा वेळी पट्टीचा भागाकार अपुरा पडतो व प्रत्येक थराचा वक्र स्वतंत्रपणे वाढवावा लागतो. जो रंजक पूर्णपणे नाहीसा झाला, त्याची नोंद मात्र परत मिळत नाही.