घरगुती व्हिडिओ पुरावा कसा होतो? शक्ती-तुऱ्याच्या कॅसेटींवरून थोडंसं

रत्नागिरी तालुक्यातल्या एका घरात मला एक व्हीएचएस कॅसेट मिळाली. वर पेनाने फक्त 'गणपती' लिहिलेलं. उत्साहाच्या भरात मी ती तशीच व्हीसीआरमध्ये घातली. दोन-तीन मिनिटं जाखडी दिसली आणि टेप अडकून चुरगळली. आत बुरशी होती, मी बघितलंच नव्हतं. ती बारी आता कुणालाच दिसणार नाही. तुमच्या हातून असं होऊ नये म्हणून हे लिहितोय.

जाखडी म्हणजे मुंबईकरांचा बाल्या नाच. मध्ये शाहीर, मृदंगवाले आणि साथीदार बसतात. भोवती नाचणारे गोल धरतात. शक्तीवाले आणि तुरेवाले असे दोन पक्ष समोरासमोर आले की सवाल-जवाब रंगतात. शाहिराच्या वहीत गण, गवळण, रचलेली गाणी मिळतील. पण समोरच्याने टोमणा मारल्यावर तिथल्या तिथे दिलेलं उत्तर, त्यावर उठलेला हशा, हे वहीत कुठून येणार? ते सापडलं तर मुंबईहून चाकरमान्याने आणलेल्या हँडीकॅमच्या चित्रणातच.

हा प्रश्न काही फक्त कोकणाचा नाही. लंडनच्या रॉक्सी क्लबात १९७७ साली डॉन लेट्स रेकॉर्ड लावायचा. त्याने तिथल्या पंक बँडना सुपर-८ कॅमेऱ्यावर टिपलं आणि त्यातून १९७८ चा 'द पंक रॉक मूव्ही' झाला. न्यूयॉर्कमध्ये पॅट आयव्हर्स आणि एमिली आर्मस्ट्राँग यांनी सीबीजीबीसारख्या क्लबांत व्हिडिओवर केलेलं चित्रण आज न्यूयॉर्क विद्यापीठाच्या संग्रहात आहे. आपल्या हँडीकॅमवाल्यासारखीच ही माणसं त्या गर्दीतलीच होती. म्हणून त्यांना आत प्रवेश मिळाला.

पण आतला माणूस सगळं दाखवतो असं समजू नका. आपल्या वाडीच्या मंडळाचं गाणं तो पूर्ण घेतो. समोरच्यांच्या वेळी बॅटरी वाचवतो. मुलगा नाचत असेल तर कॅमेरा मुलावरून हलतच नाही. ही चित्रणातली खोट म्हणून सोडून देऊ नका. कुणाला काय जपावंसं वाटलं, हे त्यातूनच कळतं. त्यामुळे पडद्यावर काय दिसतं याबरोबर कॅमेरा कुणाच्या हातात होता, तो कुठे उभा होता आणि कधी बंद केला, हेही नोंदवा.

आता कामाचं बोलू:

१. कॅसेट आधी उजेडात धरून खिडकीतून टेप बघा. पांढरी बुरशी किंवा डाग दिसले तर चालवू नका, जाणकाराकडे द्या. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडणाऱ्या रत्नागिरीत दमट हवेने टेपचं चुंबकीय थर धरून ठेवणारं द्रव्यही खराब होतं.

२. डिजिटल प्रत करताना मूळ चित्रण कापू नका. रिकामे भाग, लग्नाचे तुकडे, सगळं राहू द्या. एकाच कॅसेटवर पुन्हा चित्रण झालं असेल तर तीही माहितीच आहे.

३. घरच्यांसोबत बसून बघा आणि त्यांचं बोलणं रेकॉर्ड करा. साल आठवत नसेल तर 'थोरलीच्या लग्नाआधी की नंतर?' असं विचारा. अंदाजाने काढलेल्या सालापुढे 'अंदाजे' लिहायला विसरू नका.

४. परवानगी कॅमेरावाल्याचीच नाही, शाहीर आणि नाचणाऱ्यांचीही घ्या. भर बारीत मारलेला टोमणा गावात खपतो. यूट्यूबवर टाकलात तर त्यावरून भांडणं होतील. मूळ कॅसेट परत करा, सोबत डिजिटल प्रत द्या.

व्हीसीआरचं उत्पादन २०१६ मध्ये थांबलं. चालू स्थितीतली यंत्रं दरवर्षी कमी होणार. तेव्हा प्रबंधाचा आराखडा मंजूर होईपर्यंत थांबू नका. यंदा गणपतीला गावी गेलात की आरतीनंतर एवढंच विचारा, 'काका, जुन्या कॅसेटी कुठे ठेवल्यात?' बहुतेक कपाटावरच असतील. काढून घ्या, पुसा, आणि आधी खिडकीतून बघा.