पळसाचे फूल जवळून

'पळसाला पाने तीनच' ही म्हण सर्वांच्या तोंडी असते. परंतु पळसाच्या फुलाला पाकळ्या किती, असे विचारले, तर पुष्कळांना उत्तर देता येत नाही. याचे कारण उघड आहे. फाल्गुन महिन्यात पाने गळून गेलेला पळस फुलला, म्हणजे तो दुरून पेटल्यासारखा दिसतो. ती केशरी शोभा पाहून वाटसरू संतुष्ट होतो व पुढे जातो. एकेक फूल निरखण्यासाठी तो थांबत नाही. जवळून छायाचित्र घेणाऱ्यास मात्र थांबल्यावाचून गत्यंतर नसते.

कॅमेऱ्याचे भिंग फुलाजवळ नेले, की ज्वाळा नाहीशी होते आणि तिच्या जागी एक रेखीव रचना दिसू लागते. पाकळ्या पाच असतात. एक मोठी पाकळी पताकेसारखी असते, दोन पाकळ्या दोहों बाजूंना पंखांसारख्या असतात आणि उरलेल्या दोन जुळून त्यांची बाकदार चोच बनते. या चोचीमुळेच संस्कृतात पळसाला 'किंशुक', म्हणजे 'हा पोपट तर नव्हे?' असे नाव पडले. चोचीच्या आत दहा पुंकेसर दडलेले असतात. त्यांपैकी नऊ तळाशी जुळलेले असून एक सुटा असतो. पाकळ्यांवर रुपेरी लव असते व देठाजवळचा पेला काळसर आणि मखमली असतो.

एवढे बारकावे टिपणे सोपे नाही. पहिली अडचण प्रकाशाची. दूरच्या डोंगराचे चित्र घेताना ५० मिलिमीटर केंद्रांतराच्या भिंगापासून फिल्म सुमारे ५० मिलिमीटरवर असते. परंतु चोचीचे टोक त्याच्या मूळ आकाराएवढे उमटवायचे असेल, तर तेच भिंग फिल्मपासून १०० मिलिमीटर दूर न्यावे लागते. अंतर दुप्पट झाले, म्हणजे फिल्मवर पडणारा प्रकाश एकचतुर्थांश होतो. ज्या चित्रास १/२०० सेकंद पुरला असता, त्यास आता १/५० सेकंद लागतो. फिल्मच्या जागी आजचा संवेदक असला, तरी हा नियम बदलत नाही.

दुसरी अडचण स्पष्टतेची. इतक्या जवळून पाहताना सामान्यतः जेमतेम एक मिलिमीटर जाडीचा थर स्पष्ट उमटतो. त्याच्या पुढचे व मागचे सारे धूसर होते. भिंगामागचे छिद्र लहान केले, तर हा थर थोडा जाड होतो. पण प्रकाश आणखी घटतो व वेळ आणखी लागतो. म्हणून केसर स्पष्ट हवेत की पाकळीवरील लव, हे कळ दाबण्यापूर्वीच ठरवावे लागते.

तिसरी अडचण वाऱ्याची. फूल जितके मोठे दिसते, तितकेच त्याचे हेलकावेही मोठे दिसतात. यासाठी कॅमेरा तिवईवर बसवतात आणि वारा पडलेला असतो, अशी पहाटेनंतरची वेळ साधतात. ऊन प्रखर झाले, तर फुलावर पातळ पांढऱ्या कापडाची सावली धरतात आणि काळोख्या बाजूस पांढरा कागद धरून तिकडे उजेड परतवतात.

अशा वेळी एक सोपा उपाय सुचतो. फूल खुडावे, घरी न्यावे आणि वारा नसलेल्या खोलीत टेबलावर ठेवून निवांतपणे चित्र घ्यावे! त्यात सोय खरी. पण चित्राचा अर्थ हरवतो. पळसाच्या फुलात मध असतो. तो पिण्यासाठी साळुंक्या, बुलबुल व शिंजीर येतात. पक्षी चोच आत घालू लागला, की परागकण त्याच्या अंगाला लागतात आणि दुसऱ्या फुलापर्यंत पोहोचतात. फुलाची ही सारी ठेवण त्या भेटीसाठीच आहे. टेबलावरच्या फुलाकडे मात्र कोणताही पक्षी येत नाही.

शास्त्रज्ञांनी पळसास 'ब्यूटिया मोनोस्पर्मा' असे नाव दिले आहे. 'मोनोस्पर्मा' म्हणजे एकच बी असलेला. उन्हाळा सरत आला, की फांद्यांवर चपट्या शेंगा लोंबू लागतात आणि प्रत्येक शेंगेच्या टोकाशी एकच बी असते. तिलाच पळसपापडी म्हणतात. ज्या फुलाचे चित्र झाडावरच घेतले, त्याची पुढे शेंग होऊ शकते. खुडलेल्या फुलाची मात्र कधीच होत नाही. म्हणून जाणता छायाचित्रकार वारा थांबेपर्यंत वाट पाहतो आणि फांदीला हात लावीत नाही.